न घेतलेल्या औषधांनाही जंतू दाद देत नाही, असं का?

पत्र

सप्रेम नमस्कार. माझ्या आईचं वय ६८. तिला ब्राँकिएक्टेसिस आहे. छातीत संसर्ग झाला म्हणून गेल्या वर्षभरात दोनदा सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स झाला. दुसऱ्या वेळी बरं वाटायला लागल्यावर तिने शेवटच्या काही गोळ्या घेतल्या नाहीत, मीही आग्रह धरला नाही. आता कफ पुन्हा हिरवा झालाय आणि कल्चरमध्ये (कफातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) स्युडोमोनस नावाचा जिवाणू आलाय. सिप्रो आणि लेव्होफ्लॉक्सासिनपुढे 'आर', म्हणजे औषध चालत नाही, असं लिहिलंय, ते एक वेळ समजू शकते. पण अझ्ट्रिओनामपुढेही 'आर' आहे, सेफ्टाझिडिम आणि मेरोपेनेमपुढे 'आय' आहे. ही औषधं तिने आयुष्यात कधी घेतलेली नाहीत! इमिपेनेम आणि अमिकासिन मात्र 'एस', म्हणजे चालतात. एका नातेवाइकांनी सांगितलं की जंतूंमध्ये औषध बाहेर फेकणारे पंप असतात आणि ते बंद पाडणाऱ्या वनस्पतीजन्य गोळ्या मिळतात. हे खरं आहे का? डोस दुप्पट केला तर पंप कमी पडतील ना? घरात सगळीकडे जंतुनाशक वापरायला लागले आहे, ते पुरेसं आहे का? आणि हे सगळं माझ्यामुळे झालं का?

— एक मुलगी

उत्तर

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात ठेवून बाकीचं वाचलंत तर काहीच नीट डोक्यात शिरणार नाही. नाही, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. ब्राँकिएक्टेसिसमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असतात, कफ आत साचून राहतो आणि स्युडोमोनस त्यात चिकट थर करून ठाण मांडतो. तिथे जिवाणूंची संख्या प्रचंड असते. एवढ्या गर्दीत सिप्रोपुढे जरा जास्त तग धरणारा एखादा जिवाणू पहिली गोळी पोटात जाण्याआधीपासूनच असू शकतो. एकही गोळी न चुकवणाऱ्या रुग्णांचेही असे रिपोर्ट येतात. गोळ्या अर्धवट राहिल्या हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यातल्या काही घरात शिल्लक असतील तर त्या पुन्हा आपल्या मनाने सुरू करू नका. या बाबतीत तुमच्याकडून एवढंच हवंय.

आता मूळ कोडं. तुमचे नातेवाईक पंपांबद्दल बरोबर सांगतायत, गोळ्यांबद्दल नाही. पण पंपांची गोष्ट नीट समजून घ्या. ती समजली की रिपोर्टमधल्या त्या 'आर', 'आय', 'एस'चा अर्थ बऱ्यापैकी उलगडतो.

जिवाणू औषधाला दाद देत नाही म्हणजे त्याने ते औषध तोडलं किंवा औषध जिथे जाऊन बसतं ती जागा बदलली, असंच बराच काळ मानलं जायचं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने दाखवलं की काही जिवाणू टेट्रासायक्लिनला हातही लावत नाहीत, आत आलेलं औषध फक्त बाहेर काढत राहतात. तो पंप टेट्रासायक्लिनच्याच जातीपुरता होता. पुढे जे पंप सापडले ते जास्त काळजीत टाकणारे होते. एकमेकांशी रासायनिक नातं नसलेली कितीतरी औषधं एकच पंप बाहेर टाकत होता. स्युडोमोनसमधल्या अशा मुख्य पंपाचं नाव मेक्सएबी-ओपीआरएम. सिप्रो, लेव्हो, अझ्ट्रिओनाम, सेफ्टाझिडिम, मेरोपेनेम, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही सगळी त्याच्या आवाक्यात येतात. ही यादी एकदा तुमच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघा.

हा पंप बसवलेला कसा असतो, ते सांगायलाच हवं. स्युडोमोनस हा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू. त्याला दोन पटलं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं, आणि दोन्हींच्या मधे अरुंद पोकळी. पंपाचा एक भाग आतल्या पटलात रुतलेला असतो, दुसरा नळीसारखा बाहेरच्या पटलातून आरपार जातो आणि तिसरा या दोघांना जोडून धरतो. त्यामुळे औषध मधल्या पोकळीत सांडत नाही, थेट जिवाणूच्या बाहेर जातं. शिवाय ते उचललंही जातं मुख्यतः त्या पोकळीतून आणि आतल्या पटलाच्या बाहेरच्या अंगातून. म्हणजे पेशीच्या गाभ्यात पोचण्याआधीच बरंचसं औषध परत धाडलं जातं. मेरोपेनेमसारखी औषधं त्या पोकळीतच आपलं काम करतात, म्हणून त्यांनाही हा पंप गाठू शकतो.

ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये याच घराण्यातला एक पंप आहे. त्याच्या आतल्या पटलातल्या भागाला एसीआर-बी म्हणतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये त्याची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. तीन सारखे प्रथिनरेणू एकमेकांना बिलगून बसलेले दिसले. २००६ मध्ये कळलं की हे तिघं एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. एकाचं तोंड उघडं असतं, दुसऱ्याने औषध घट्ट धरलेलं असतं आणि तिसरा ते नळीत सोडत असतो. मग अवस्था बदलतात. उघडा असलेला औषध धरतो, धरलेला सोडतो, सोडून मोकळा झालेला पुन्हा तोंड उघडतो. हे चक्र फिरवायला लागणारी ताकद पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या फरकातून येते. आणि औषध जिथे धरलं जातं तो खिसा ऐसपैस असतो. त्याच्या भिंतींवर फेनिलअलानिनसारखी तेलकट स्वभावाची अमिनो आम्लं असतात. त्यामुळे एक औषध एका कोपऱ्यात चिकटतं, दुसरं दुसऱ्या. एखाद्या ठरावीक आकाराचाच रेणू बसेल असं तिथे नाहीच. या पंपाला औषधाचं नाव किंवा जात कळत नाही. पाण्यापेक्षा तेलात जास्त रमणारा भाग असलेला, बसेल एवढा रेणू आला की तो बाहेर.

मला या विषयातलं सगळ्यात थक्क करणारं हेच वाटतं. अनेक वेगवेगळ्या औषधांची सुटका एकाच खिशातून होते.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी बघता येतं. इथिडियम ब्रोमाइड नावाचा रंग जिवाणूत शिरून डीएनएला चिकटला की ठरावीक प्रकाशाखाली चमकतो. पंप जोरात चालणारे जिवाणू हा रंगही बाहेर फेकतात, म्हणून मंद दिसतात. मग पटलावरचा प्रोटॉनचा फरक नाहीसा करणारं रसायन घातलं की पंपाची ताकद जाते, रंग आत साचतो आणि मंद दिसणारी नळी उजळायला लागते. हा रंग औषध नाही, त्या जिवाणूने तो पूर्वी कधी पाहिलेलाही नाही, तरी पंप त्याला बाहेर काढत होता. तुमच्या आईने न घेतलेल्या मेरोपेनेमचंही तसंच आहे.

पण पंप एकटा एवढं सगळं करत नाही. गळक्या होडीतलं पाणी उपसण्यासारखं आहे हे. भोक लहान असेल तर एका भांड्यानेही होडी कोरडी राहते, भोक मोठं असेल तर कितीही उपसा, बुडतेच. स्युडोमोनसचं बाहेरचं पटल मुळातच फार कमी झिरपतं. औषधं ज्या छिद्रांतून आत येतात ती छिद्रंच आखडती आहेत, ई. कोलायपेक्षा कितीतरी पटींनी. म्हणून त्याच्या पंपाला उपसायला वेळ मिळतो. प्रयोगात हा पंप काढून टाकला की तोच स्युडोमोनस एरवी दाद न देणाऱ्या कितीतरी औषधांनी मरतो.

आता सिप्रोने नेमकं काय केलं? पंप नव्याने निर्माण झाला नाही. तो प्रत्येक स्युडोमोनसमध्ये जन्मजात असतो. अँटिबायोटिकचा शोध लागला त्याच्या कितीतरी आधीपासून हे पंप आहेत, त्यांची मूळ कामं वेगळी आहेत. ई. कोलायचा पंप आतड्यातले पित्तक्षार बाहेर टाकतो, स्युडोमोनसचा पंप जिवाणूंच्या आपसातल्या निरोपाचे रेणूही वाहून नेतो. एरवी तो बेताने चाललेला असतो, कारण मेक्सआर नावाचं एक प्रथिन त्याच्या जनुकांवर लगाम धरून बसलेलं असतं. या मेक्सआरच्या जनुकात एखादी चूक झाली की लगाम सुटतो आणि पंप भराभर तयार व्हायला लागतात. असे लगाम सुटलेले जिवाणू गर्दीत अधूनमधून निपजतातच, पण औषध नसताना त्यांना फारसा फायदा नसतो. सिप्रो आलं की मात्र बाकीचे मरतात, हे उरतात आणि वाढतात. उरताना ते फक्त सिप्रोविरुद्ध तयार झालेले नसतात. पंपाच्या खिशात मावणाऱ्या प्रत्येक औषधाविरुद्ध एकदमच तयार झालेले असतात.

याच कारणाने मी वाचकांना पुन्हा पुन्हा सांगते की 'सध्या साधं अँटिबायोटिक देऊन बघू, जोराचं नंतरसाठी राखून ठेवू' हा हिशेब प्रत्येक वेळी बरोबर येत नाही. साध्या औषधाचा अनावश्यक कोर्स जोराच्या औषधाचाही घास घेऊ शकतो. विषाणूमुळे झालेल्या सर्दीखोकल्यासाठी घेतलेली गोळी आईच्या छातीतल्या स्युडोमोनसपर्यंतही पोचतेच.

आता तुमचा रिपोर्ट. मी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही आणि पंप किती चालतोय हे नेहमीच्या तपासणीत मोजतही नाहीत, त्यामुळे हा अंदाज समजा. पण तुम्ही लिहिलेला नमुना बोलका आहे. मेरोपेनेम 'आय' आणि इमिपेनेम 'एस', हे तुम्हाला विचित्र वाटलं असणार, कारण दोन्ही कार्बापेनेम या एकाच गटातली, सख्खी भावंडं. मेक्सएबी-ओपीआरएम मेरोपेनेमला धरतो, इमिपेनेमला जवळपास नाही. म्हणून हा पंप वाढला की मेरोपेनेम मागे पडतं आणि इमिपेनेम टिकतं. उलट चित्रही असतं. इमिपेनेम ज्या छिद्रातून आत येतं ते ओपीआरडी नावाचं छिद्र जिवाणूने बंद केलं की आधी इमिपेनेम निकामी होतं. स्युडोमोनसमध्ये असा एक बदलही होतो की ज्यात दुसरा एक पंप वाढतो आणि त्याच वेळी ओपीआरडी कमी होतं, आणि सिप्रोच्याच जातीची औषधं त्या बदललेल्या जिवाणूंची निवड करू शकतात. म्हणजे सिप्रो घेतलं आणि इमिपेनेम गेलं. तुमच्या आईच्या बाबतीत ते झालेलं दिसत नाही, ही चांगली गोष्ट. अमिकासिन 'एस' आहे, कारण त्याला बाहेर काढणारा पंप वेगळा, मेक्सएक्सवाय. तो वाढलेला नसावा.

'आय'चा अर्थ प्रयोगशाळा कोणती नियमावली वापरते त्यावर ठरतो. एका पद्धतीत तो 'मधला, खात्री नाही' असा असतो, दुसऱ्या पद्धतीत 'औषध शरीरात पुरेशा जास्त प्रमाणात पोचवलं तर चालेल' असा. त्यामुळे 'आय' दिसला म्हणून ते औषध बाद धरू नका. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

सिप्रोपुढचा 'आर' मात्र एकट्या पंपाने आलेला नसणार. नुसता पंप वाढला तर जिवाणू मारायला लागणारं औषध साधारण चार ते आठ पट वाढतं. मोठा प्रतिकार येतो तो त्यावर आणखी एक बदल झाला की, बहुतेकदा सिप्रो जिथे जाऊन बसतं त्या जागेतला. पंपाचा खरा घात इथे आहे. जो जिवाणू एरवी मेला असता त्याला पंप तेवढ्यापुरता जगवतो, आणि जगला की त्याला पुढचा बदल पदरात पडायला वेळ मिळतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्युडोमोनसचे तीन पंप जनुकांसकट काढून टाकले होते. पंप असताना लेव्होफ्लॉक्सासिनला न जुमानणारा जिवाणू साधारण दहा लाख ते एक कोटीत एक निपजत होता. पंप काढल्यावर दहा हजार कोटींत एकही सापडेना.

हे वाचून तुम्हाला वाटेल, मग पंपच बंद करायचं औषध का देत नाहीत? शास्त्रज्ञांनाही तेच वाटलं. पीएबीएन नावाचं एक संयुग प्रयोगशाळेत हे काम छान करतं, पण माणसाला देण्याइतकं सुरक्षित ठरलं नाही. सर्पगंधेपासून मिळणारं रेसर्पिन स्टॅफिलोकोकसचा नॉरए हा पंप काचेच्या नळीत अडवतं, पण त्यासाठी लागणारं प्रमाण माणसाला विषारी. आणि तो पंप वेगळ्या घराण्यातला, वेगळ्या जिवाणूचा, त्याचा तुमच्या आईच्या स्युडोमोनसशी संबंध नाही. अडचण अशी आहे की आपल्या स्वतःच्या पेशींतही रसायनं बाहेर टाकणारे पंप असतात, रेसर्पिन त्यांनाही अडवतं. शिवाय जिवाणूकडे एकच पंप नसतो. स्युडोमोनसच्या जनुकसंचात या एका घराण्याचेच १२ पंप आहेत. रुग्णांना अँटिबायोटिकसोबत द्यायचं असं पंपरोधक औषध आज वापरात नाही. त्यामुळे त्या वनस्पतीजन्य गोळ्या आणू नका. आणल्याच असतील तर देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा, कारण त्या इतर औषधांच्या पातळीत गडबड करू शकतात.

डोस दुप्पट करायचा विचारही मनातून काढून टाका. तर्क चुकीचा नाही, उपसा कमी पडेल एवढं औषध आत आलं तर जिवाणू मरतो. पण ज्या सिप्रोपुढे 'आर' आहे त्याचा घरी दुप्पट डोस दिला तरी ती पातळी गाठली जाणार नाही, आणि साठीपुढच्या माणसात या औषधाने स्नायूबंध सुजण्या-तुटण्याचा धोका असतो. स्टिरॉइड चालू असेल तर तो आणखी वाढतो. जास्त प्रमाण सुरक्षितपणे पोचवायचे मार्ग डॉक्टरांकडे आहेत. काही औषधं शिरेतून हळूहळू, कित्येक तास देतात म्हणजे पातळी टिकून राहते. ब्राँकिएक्टेसिसमध्ये काही रुग्णांना टोब्रामायसिन किंवा कोलिस्टिन वाफेतून देतात. त्याने फुप्फुसात औषध भरपूर पोचतं आणि रक्तात कमी जातं. कोलिस्टिन जिवाणूच्या पटलावरच हल्ला करतं, त्यामुळे या पंपांचा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही. आईसाठी यातलं काही योग्य आहे का, हे तिची मूत्रपिंडं, ऐकू येणं आणि दम बघून ठरतं.

घरातल्या जंतुनाशकांविषयी मला थोडं कडक बोलावं लागेल. सगळीकडे फवारू नका. पंप जंतुनाशकांनाही बाहेर टाकतात. ट्रायक्लोसान नावाच्या जंतुनाशकाला स्युडोमोनस मुळातच दाद देत नाही, त्यात मेक्सएबी-ओपीआरएमचाही हात असतो. तो पंप काढून टाकलेल्या जिवाणूंना प्रयोगात ट्रायक्लोसान दिलं, तेव्हा जे टिकले त्यांतल्या बऱ्याच जणांनी दुसरा पंप सुरू केला होता आणि सिप्रोलाही त्यांची दाद कमी झाली होती. हातांना साधा साबण पुरेसा आहे. लक्ष द्यायचं ते नेब्युलायझरकडे. ओलाव्यात स्युडोमोनस मजेत राहतो. प्रत्येक वापरानंतर कप आणि मुखवटा धुवा, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने निर्जंतुक करा आणि मुख्य म्हणजे पूर्ण कोरडे होऊ द्या. ओला कप झाकून ठेवणं सगळ्यात वाईट.

आणि कफ बाहेर काढणं. अँटिबायोटिकच्या चर्चेत हे नेहमी मागे पडतं, पण माझ्या मते तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. छातीच्या फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे आणि कफ मोकळा करायचे व्यायाम शिकून घ्या आणि बरं असतानाही रोज करवून घ्या. खोकून बाहेर पडलेल्या जिवाणूचा पंप कितीही जोरात चालला तरी तो आईचं काही बिघडवू शकत नाही.

पुढच्या भेटीत हे विचारा: हा स्युडोमोनस आत्ता आजार करतोय की नुसता मुक्कामाला आहे? कारण कल्चरमध्ये दिसला म्हणून दर वेळी औषध द्यावंच लागतं असं नाही. ताप, वाढलेली धाप, वाढलेला कफ यांवरून ते ठरतं. यापुढे कोणतंही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कफाचा नमुना द्यायचा, हे आत्ताच ठरवून घ्या. जुने सगळे रिपोर्ट आणि घेतलेल्या प्रत्येक कोर्सचं नाव, तारीख, दिवस एका वहीत लिहून न्या. दुसऱ्या कुणा डॉक्टरांकडे दाताच्या किंवा लघवीच्या तक्रारीसाठी गेलात तरी ती वही दाखवा.

आईला बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर दिसले, कफातून रक्त पडलं, थंडी वाजून ताप आला किंवा ती असंबद्ध बोलायला लागली, तर कल्चरच्या रिपोर्टची किंवा या सदराच्या उत्तराची वाट बघू नका, तिला लगेच रुग्णालयात न्या आणि ती वही सोबत घ्या.